पाणी गढूळ झालंय, कधी येता?

फोन बहुतेक सोमवारी नाहीतर मंगळवारी येतो. रविवारी घरातल्यांनी मिळून माशांची टाकी धुतलेली असते. मासे बादलीत, खडे परातीत, खेळण्यातला किल्ला सिंकमध्ये. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत पिळलेला असतो. संध्याकाळी टाकी चकाचक दिसते, तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि दोन दिवसांनी मागच्या काचेजवळचा मासा दिसेनासा होतो. "दादा, परवाच सगळं धुतलं हो, आणि पाणी पुन्हा गढूळ. कधी येता?" धुतलंत म्हणूनच गढूळ झालं, असं फोनवर सांगून भागत नाही. मी पत्ता विचारतो आणि एवढंच म्हणतो, मी येईपर्यंत पाण्याला हात लावू नका. फार कमी घरांत ते पाळलं जातं.

ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात घरोघरी जाऊन टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. त्याआधी क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका दुकानात मासे विकायला उभा असायचो. दुकानातलं पाणी कायम स्वच्छ दिसतं, कारण तिथे मासा चार-आठ दिवसांपुरता असतो आणि पाणी सतत बदललं जातं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या डोक्यात चांगल्या पाण्याची एकच व्याख्या बसते: काच आहे की नाही कळू नये असं पाणी. माझ्याही डोक्यात तीच होती. घरोघरी फिरायला लागल्यावर ती हळूहळू मोडली.

या धंद्याची एक अडचण आधीच सांगून टाकतो. रंग बदललेल्या पाण्यावर बऱ्याच वेळा खरा इलाज असतो तो काही न करण्याचा. आणि काही न करण्याचे पैसे कोण देणार? माणूस बादली, पाईप, जाळी घेऊन आला, तासभर उपसाउपशी केली, जाताना पाणी आरपार दिसलं, की पाचशेची नोट आनंदाने निघते. तोच माणूस आला, पाणी हुंगून म्हणाला, "दहा दिवस खाणं निम्मं करा, बाकी काही नको," तर चहासुद्धा मिळायची मारामार. आमच्या व्यवसायातली बरीचशी लबाडी इथून सुरू होते. पाणी झटकन निवळवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यांतलं रसायन तरंगणाऱ्या कणांचे गोळे करतं, गोळे फिल्टरमध्ये अडकतात किंवा तळाला बसतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक खूश. कारण मात्र जागच्या जागी असतं, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. धंदा म्हणून हे उत्तम चालतं.

माझ्या पिशवीत साधा काचेचा ग्लास आणि पांढरा कागद कायम असतो. टाकीच्या मधल्या थरातलं पाणी ग्लासात घ्यायचं, मागे कागद धरायचा आणि घाई न करता बघायचं. टाकीत बघून काही कळत नाही, कारण मागचं निळं पोस्टर, वरचा दिवा, खाली टाकलेले रंगीत खडे हे सगळे मिळून पाण्याला आपापला रंग देतात. ग्लासात मात्र पाणी एकटं सापडतं. ते स्वच्छ पण पिवळसर असेल तर लाकूड, पानं किंवा जुनी घाण विरघळली आहे. हिरवट झाक असेल तर शेवाळ. पांढुरकं असेल तर ग्लास टेबलावर ठेवून द्यायचा. काही तासांत तळाशी साका बसला तर ती धूळ, खडे नीट न धुता टाकलेत. रात्रभर ठेवूनही काहीच बसलं नाही आणि धुकं तसंच राहिलं, तर ते बॅक्टेरिया. शेवटी वास. चांगल्या टाकीच्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतो, आंबूस वास आला की कुठेतरी काहीतरी कुजतंय. हे सगळं होईपर्यंत घरातले लोक अस्वस्थ होतात. पाण्याकडे नुसतं बघत बसलेला माणूस त्यांना काम करताना दिसत नाही.

दुधाळ पाण्याची सगळ्यात हट्टी केस मला मुलुंडच्या एका घरात मिळाली. बँकेतून निवृत्त झालेले काका, दर रविवारी पहाटे टाकी रिकामी करणारे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी. काका खडे उकळत्या पाण्यातून काढायचे. स्पंज साबणाने नाही, एवढी कृपा. बुधवारपर्यंत पाणी पांढरं, शनिवारी जरा निवळायला लागलेलं, आणि रविवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आठवड्यामागून आठवडे गोल्डफिश मरत होते आणि काका आणखी जोरात घासत होते.

आत काय चालतं ते असं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो माशाला विष आहे. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये बॅक्टेरियांच्या वसाहती चिकटून वाढतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाण्याचा काही भाग बदलला की निघून जातं. नव्या टाकीत ही व्यवस्था बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला त्यांना जवळपास दिवस लागतो. उरलेलं अन्न आणि कुजकं खाऊन पाण्यात मोकाट वाढणारे दुसरे बॅक्टेरिया मात्र तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. पाणी पांढरं दिसतं ते यांच्यामुळे. चिकटून बसणाऱ्यांना उकळून, घासून आणि नळाच्या क्लोरीनने धुऊन काढलं की रान मोकळं होतं. काका दर रविवारी स्वतःच्या हाताने टाकी नवी कोरी करत होते आणि दर बुधवारी नव्या टाकीचा आजार तिला होत होता.

मी त्यांना म्हटलं, महिनाभर टाकी धुवायची नाही. आठवड्याला एक बादली पाणी काढायचं, तेवढंच रात्रभर हवा सोडून ठेवलेलं पाणी घालायचं. स्पंज फार तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा हलका दाबायचा, नळाखाली धरायचा नाही. आणि मासे काही काळ दोनच.

"अहो, मग मी पैसे कशाचे देतोय तुम्हाला?" काकांनी सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "या भेटीचे देऊ नका. महिन्याने पाणी स्वच्छ दिसलं तर द्या." त्या महिन्यात त्यांचे फोन रोज आले. पांढरं पाणी डोळ्यांसमोर ठेवून हात बांधून बसणं ज्याला सवय नाही त्याला किती जड जातं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाणी आपोआप निवळलं. काकूंनी फोन करून सांगितलं, काकांना मात्र त्याचा फारसा आनंद झालेला दिसला नाही. त्यांची रविवारची पहाट रिकामी झाली होती. पुढे त्यांनी टाकीत पाणवनस्पती लावल्या आणि कात्री घेऊन त्यांच्या मागे लागले. ते चालतं.

याच घरानंतर मी पैसे घेण्याची पद्धत बदलली. धुण्याचे वेगळे, निवळण्याचे वेगळे असे दर बंद केले. महिन्याचा एकच आकडा, त्यात दोन भेटी, आणि त्या भेटींत बादली लागेलच असं नाही. काही गिऱ्हाइकं सुटली. जी राहिली त्यांच्या टाक्यांत मासे म्हातारे झाले. दुकानात असताना म्हातारा मासा मी पाहिलाच नव्हता.

पांढऱ्या पाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे खाणं, आणि ते शोधताना घरातल्या माणसांत शिरावं लागतं. प्रत्येक घरात मला सांगतात, "एकदाच घालतो, चिमूटभर." आजोबा सकाळी चिमूटभर घालतात, मुलगा शाळेतून आल्यावर, बाबा ऑफिसमधून आल्यावर. कामाच्या मावशी कधी कधी, कारण मासे काचेशी येऊन तोंड उघडतात आणि त्यांना दया येते. मासे काचेशी येतात ते सवयीने, भुकेने नाही. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. हे वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं असेल आणि त्यावर विश्वास ठेवणारी माणसं सर्वांत कमी भेटली असतील.

डोंबिवलीच्या एका घरात मात्र खाण्याचा हिशोब चोख होता. सुनेने डबी कपाटात कुलूपबंद ठेवलेली, दिवसातून एकदा मोजून दाणे. तरी पाणी पांढरं आणि वास आंबूस. फिल्टर ठीक, मासे बेताचे. मी टाकीतला शोभेचा किल्ला उचलला. खाली बोटाच्या पेराएवढे फुगलेले, बुरशी धरलेले पांढरे गोळे. पिठाचे. सुनेने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी देवघराकडे. नातवाच्या पत्रिकेत काहीतरी होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं, माशांना रोज कणकेच्या गोळ्या घाला. आजींनी टाकीतल्या माशांनाच घालायला सुरुवात केली होती, सगळे झोपल्यावर. "अरे बाळा, बाहेर कुठे जाऊ मी या गुडघ्यांनी?" पीठ पाण्यात विरघळतं, मासे थोडंच खातात, उरलेलं बॅक्टेरियांची मेजवानी. मी आजींशी ग्रहांवर वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की दिवसाला हरभऱ्याच्या डाळीएवढी एकच गोळी, आणि ती मासा तोंडात घेईपर्यंत समोर बसायचं. न खाल्लेली जाळीने काढायची. आजींनी ते काम इतक्या नेमाने केलं की नंतर टाकीतला कोणता मासा मरगळलाय ते मला फोनवर त्याच सांगायच्या. सून मात्र म्हणाली होती, रविवारी गाडीने ठाण्याच्या तलावपाळीला नेऊन तिथे घालू द्यावं. त्या तलावाचं पाणी हिरवं होण्यात अशाच गोळ्यांचा आणि पावाच्या तुकड्यांचा वाटा असतो, ते मी त्या दिवशी बोललो नाही.

हिरव्या पाण्याबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही: तो रंग माशांना त्रास देत नाही. मासे वाढवणारे लोक पिल्लांच्या हौदात मुद्दाम हिरवं पाणी ठेवतात, पिल्लांना त्यात बारीक खाणं मिळतं. दिवाणखान्यात मात्र ते नको असतं, आणि तेही बरोबरच आहे, न दिसणारे मासे पाळून काय करायचं. कारण जवळजवळ नेहमी एकच, ऊन. टाकी खिडकीसमोर असते, आणि ती तिथे का आहे विचारलं की उत्तर मिळतं, ईशान्य कोपरा. वास्तूवाल्याने सांगितलेली जागा हलवणं माझ्या हातात नसतं. पडदा लावणं असतं. टाकीला तीन-चार दिवस जाड चादर गुंडाळा, दिवा बंद, खाणं बंद, हवेची मोटर मात्र चालूच. ही शेवटची अट महत्त्वाची. शेवाळ रात्री प्राणवायू सोडत नाही, खातं, आणि मेल्यावर कुजताना आणखी खातं. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. हिरव्या टाकीतले मासे पहाटे वर येऊन हवा गिळताना दिसतात ते यामुळे. पाण्याच्या रंगाने मासा मेला असं लोक म्हणतात. तो गुदमरून मेलेला असतो.

चहाच्या रंगाचं पाणी हा माझा आवडता रंग, आणि त्यावरून सर्वांत जास्त बोलणी खाल्ली आहेत. नवं ड्रिफ्टवुड म्हणजे लाकडाचा ओंडका टाकीत ठेवला की त्यातलं टॅनिन उतरतं. घोडबंदर रोडवरच्या एका घरातल्या ताईंनी मला रात्री अकराला फोन केला होता, टाकीत गटाराचं पाणी शिरलंय म्हणून. आठव्या मजल्यावर! लाकूड आधी काही दिवस भिजत घातलं, मोठ्या पातेल्यात दोन-तीनदा उकळलं तर रंग बराच कमी होतो. नंतरही उतरला तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवायची, पाणी काही दिवसांत फिकट होतं. पण ज्या निऑन आणि कार्डिनल टेट्रांसाठी लोक एवढे पैसे मोजतात, त्यांतला कार्डिनल ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीतला. ती नदी जंगलातल्या पाल्यापाचोळ्याने अशीच काळपट तपकिरी वाहते. त्या माशाचा लाल-निळा पट्टा स्वच्छ पाण्यात दिसतो त्याहून गडद पाण्यात जास्त खुलतो. फायटर मासे पाळणारे लोक देशी बदामाची वाळकी पानं ऑनलाइन पाकिटातून मागवतात, पाणी मुद्दाम पिवळं करायला. तीच झाडं त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी असतात आणि पानगळीत लाल पानांचा सडा झाडूवाले गोळा करून नेतात. औषध न फवारलेल्या झाडाचं, आपणहून गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान धुऊन टाकलं तर तेच काम फुकटात होतं. हे सांगितलं की लोक हसतात. पाकिटातल्या पानावर विश्वास जास्त.

त्या ताईंनी लाकूड काढायला लावलं. मी काढलं. टाकी त्यांची.

बाकीचे रंग पटकन सांगण्यासारखे. नव्या टाकीच्या काचेवर तपकिरी पूड धरते, ती डायटमची. बोटाने पुसली जाते आणि टाकी मुरली की बहुधा आपोआप कमी होते. गुलाबी पाणी म्हणजे स्वस्तातल्या रंगीत खड्यांचा रंग सुटला, खडे फेकून द्या. निळं पाणी म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवरचं जुनं आणि कामाचं औषध, पण ते आजारी माशाला वेगळ्या डब्यात द्यायचं असतं. मुख्य टाकीत ओतलं तर कोपऱ्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि फिल्टरमधल्या कामाच्या बॅक्टेरियांनाही मार बसतो. निळं पाणी छान दिसतं म्हणून दर आठवड्याला थेंब टाकणारं एक घर मला माहीत आहे. त्यांचे मासे का टिकत नाहीत हे त्यांना अनेकांनी सांगितलंय.

पावसाळा वेगळा. जुलैमध्ये नळाचंच पाणी मातकट येतं आणि घराघरांत तुरटीची आठवण होते. पिण्याच्या हंड्यात तुरटी फिरवणं ठीक आहे, माशांच्या टाकीत नको. तुरटी पाण्यातला क्षार खाऊन टाकते आणि पाणी आंबट होत जातं. आपल्याकडचं धरणाचं पाणी आधीच मऊ, त्यामुळे ते लवकर आंबट होतं. त्यापेक्षा उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस फिल्टरच्या तोंडाशी मूठभर ठेवा आणि दोन दिवसांनी बदला. मातीला तेवढं पुरतं. याच दिवसांत नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब किंवा खडे विसरू नयेत. मूळ रसायन सोडियम थायोसल्फेट, स्वस्त असतं.

आता अशा टाक्यांबद्दल, जिथे रंग बदललाच नव्हता.

ठाण्यातल्या एका दवाखान्यात वेटिंग रूममध्ये चार फुटी टाकी होती. पाणी असं की येणारी मुलं काचेवर बोटं आपटायची. डॉक्टर मला अभिमानाने म्हणायचे की वर्षानुवर्षं पाणी बदललेलं नाही, उडून जातं तेवढं आरओचं शुद्ध पाणी वरून घालतात. मी त्यांना एकदा तपासणीची पट्टी बुडवून दाखवली. पाणी बरंच आम्लधर्मी झालं होतं, क्षार जवळजवळ संपलेले. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार वापरतात. आरओच्या पाण्यातून तो परत मिळत नाही. क्षार संपला की पीएच घसरतो, तो फार घसरला की बॅक्टेरियांचंही काम मंदावतं आणि अमोनिया साचायला लागतो. पण आम्ल पाण्यात अमोनिया जवळपास सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे मासे मजेत पोहत राहतात. मी सुचवलं की दर आठवड्याला दहा टक्के साधं पाणी, हळूहळू, दोन महिने. डॉक्टर म्हणाले, "चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला छेडायचं?" माझंच तत्त्वज्ञान त्यांनी मला ऐकवलं आणि मला उत्तर सुचलं नाही. काही न करणं आणि दुर्लक्ष करणं यांतला फरक मला तोवर शब्दांत मांडता येत नव्हता. आज सांगतो तो असा: काही न करताना तुम्ही पट्टी बुडवून बघत असता.

दिवाळीच्या सुट्टीत दवाखान्याची रंगरंगोटी निघाली आणि कुणीतरी टाकी पूर्ण रिकामी करून टँकरच्या पाण्याने भरली. टँकरचं पाणी बोअरवेलचं, जड, पीएच आठच्या वर. पाणी सगळं बदललं तरी खड्यांत आणि फिल्टरमध्ये मुरलेली वर्षानुवर्षांची घाण तिथेच होती, आणि मासे आंबट पाण्यातून थेट क्षारी पाण्यात गेले होते. पीएच सात असताना २५ अंश तापमानाला अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच आठला तो पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे सुमारे दहापट. मी पोचलो तेव्हा पाणी लखलखीत स्वच्छ होतं आणि रिसेप्शनच्या बाई एका प्लॅस्टिकच्या टबात एंजल मासे गोळा करत होत्या. डॉक्टरांनी मला विचारलं, "पाणी तर इतकं स्वच्छ आहे, मग?" शिकलेला माणूस, रोज रक्ताचे रिपोर्ट वाचणारा. पाण्याचाही रिपोर्ट असतो हे त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण पाणी डोळ्यांना दिसतं.

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला मी आधी पीएच, अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट घ्यायला लावतो. परदेशी महागडं शोभेचं रोप घेतात, त्यापेक्षा कमी किमतीत ती येते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असेल तर पाणी पांढरं असो, पिवळं असो, हिरवं असो, निवांत बसा, खाणं कमी करा आणि मला दिवसा फोन करा. शून्य नसेल तर पाणी कितीही चकचकीत असलं तरी लगेच चौथा हिस्सा पाणी बदला आणि मग फोन करा.

स्वच्छ पाण्याने झालेलं सर्वांत मोठं नुकसान मात्र एका घराचं नव्हतं. एका मोठ्या सोसायटीत माझी पाच-सहा गिऱ्हाइकं आहेत. एका शनिवारी दुपारनंतर एकेकाचे फोन सुरू झाले. सगळ्यांची तक्रार तीच: सकाळी नेहमीसारखं एक बादली पाणी बदललं, मासे उड्या मारतायत, कल्ले लाल झालेत, पाणी एकदम निर्मळ आहे. पहिल्या घरात शिरतानाच नळाचा वास आला. मी वॉचमनला विचारलं. गच्चीवरच्या टाक्या त्या दिवशी धुतल्या होत्या आणि धुणाऱ्यांनी शेवटी ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकली होती. माणसांना त्याचा फक्त वास आला, चहाची चव बिघडली. ज्यांनी अँटी-क्लोरीनचे थेंब घालून पाणी बदललं होतं त्यांचेही मासे गेले, कारण थेंब नेहमीच्या क्लोरीनच्या मापाने घातले होते. ज्या एका घरात पाणी बदलायचा कंटाळा केला गेला होता तिथले मासे वाचले. त्या घरातल्या मुलाला मी अजूनही म्हणतो, तुझा आळस कामाला आला.

नंतर सेक्रेटरी साहेबांना भेटलो. भला माणूस, टाक्या वेळेवर धुतल्या म्हणून त्यांचं कौतुकच करायला हवं होतं. त्यांना फक्त हे ठाऊक नव्हतं की त्यांच्या इमारतीत मासेही राहतात.

म्हणून सोसायट्यांच्या सेक्रेटरींना, चेअरमनना एक विनंती. टाकी धुवायच्या दोन दिवस आधी नोटीस बोर्डवर आणि ग्रुपवर तारीख टाका, आणि धुतल्यावर ब्लीचिंग पावडर घातली असेल तर तेही लिहा. ज्यांच्या घरी मासे आहेत त्यांनी त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस टाकीत नळाचं नवं पाणी घालू नये.